हृदय कुणाचं, छाती कुणाची

3 डिसेंबर 1967 रोजी केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय-प्रत्यारोपण केलं. हृदय होतं अपघातात गेलेल्या 25 वर्षांच्या डेनिस डारव्हॉल हिचं. ते बसवलं पन्नाशी ओलांडलेल्या लुई वॉशकान्स्की यांना. बाईचं हृदय आणि पुरुषाची छाती, या ज्या जोडीवर आम्ही प्रत्यारोपण करणारे डॉक्टर आज सर्वांत जास्त खल करतो, तिनंच या शस्त्रक्रियेचा श्रीगणेशा झाला. वॉशकान्स्की 18 दिवसांनी गेले, पण न्यूमोनियानं.

पुढे हजारो रुग्णांच्या नोंदी जमल्या आणि बाईचं हृदय पुरुषाला बसवलं की निकाल थोडे डावे येतात, असं दिसू लागलं. नातेवाईकही विचारतात, ‘‘डॉक्टर, बाईचं हृदय आमच्या दादांना पुरेल का?’’ प्रश्न अडाणी नाही. 160 सेंटीमीटर उंची, 60 किलो वजन, चाळिशीचं वय असे एक बाई आणि एक पुरुष घ्या. एमआरआयवरून बेतलेल्या सूत्रानं तिच्या हृदयाच्या दोन्ही जवनिकांचं, म्हणजे खालच्या कप्प्यांचं, वस्तुमान भरतं सुमारे 127 ग्रॅम, त्याचं 151. काट्यावर दोघं सारखे, आत फरक सोळा टक्क्यांचा! पूर्वी आम्ही नुसती वजनं जुळवायचो, तिथंच फसगत व्हायची. 2014 साली अमेरिकेतल्या नोंदींचा या सूत्रानं नव्यानं हिशेब मांडला गेला, तेव्हा बाईच्या हृदयावरचा बराचसा ठपका आकारमानाच्या खात्यात जमा झाला.

खरी कसोटी लागते उजव्या जवनिकेची. वर्षानुवर्षं हृदय थकलेलं असलं की फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब चढून बसतो. नव्या हृदयाला त्याची सवय नसते. शस्त्रक्रियेच्या शेवटी महारोहिणीवरचा क्लॅम्प (चिमटा) काढल्यावर डावी जवनिका झकास चालते आणि उजवी डोळ्यांदेखत फुगत जाते. मग तो दाब उतरवायला नायट्रिक ऑक्साइड, मिलरिनोन, सगळी धावपळ. हृदय आधीच लहान असेल, तर हाताशी फारसं काही उरत नाही. म्हणून दाब चढलेल्या धिप्पाड पुरुषाला लहान हृदय द्यायला मी तयार नसतो. पण केवळ फॉर्मवर ‘स्त्री’ लिहिलंय म्हणून चांगलं हृदय नाकारणं मला मान्य नाही. किरकोळ बांध्याच्या रुग्णाला ते छान चालतं.

बाईला पुरुषाचं हृदय बसवताना आकाराची अडचण क्वचितच येते. फार तर छाती बंद करताना जागा अपुरी पडते. तिथला पेच वेगळाच. गर्भातल्या बाळाकडे बापाकडून आलेली प्रथिनं असतात, त्यांच्याविरुद्ध आईच्या रक्तात अँटीबॉडी तयार होतात आणि कित्येकदा वर्षानुवर्षं टिकतात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईसाठी हृदय आलं, मापातही बसलं, तरी या अँटीबॉडींमुळे क्रॉसमॅच, म्हणजे दात्याशी रक्ताची जुळणी, जमत नाही आणि ते पुढच्याला जातं. तिचं थांबणं लांबतं. जगभरात प्रौढांमध्ये हृदय मिळणाऱ्यांत बायका साधारण चौथाई. ज्यांना मिळतं, त्या पुरुषांइतक्याच टिकतात, काही पाहण्यांत थोड्या जास्तच. माझा राग त्याआधीच्या टप्प्यावर आहे. धाप लागली की पुरुषाचा इको होतो आणि बाईला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात. ती आमच्यापर्यंत पोचते तेव्हा मूत्रपिंडंही थकलेली असतात.