पाटो कित्याक?

मालवणहून मासळी नेणारी आमची पिकअप भरली की मागून बसते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मागची बाजू उचलायला ठोकळा किंवा लांब शॅकल लावली, तर नुसती उंची मिळते. पाटा वाढवला तर स्प्रिंगला ताकदही येते. रिकामी गाडी मात्र खड्ड्यात उडते.

बाबा खूश. "चार क्रेट जास्त मावतले."

सॉफ्टवेअरमध्ये लोड वाढला की आम्ही आणखी एक सर्व्हर जोडतो. इथे पाटा वाढला तरी ब्रेक, टायर, ॲक्सल तेच. कोल्हापूरहून भाजी भरून फोंडा घाट उतरताना गाडी थांबवायची असते ती ब्रेकनेच.

"पाटा घाला, पण क्रेट तेवढेच."

"मगे पाटो कित्याक?"

"दिवे रस्त्यावर पडूक."