पोपटी, दोस्त आणि ‘सिंहासन’

शनिवारी रात्री डोंबिवली स्टेशनबाहेर पडलात, की आधी नाकालाच कळतं, कुठेतरी शिगडी पेटलीय! निखाऱ्यांवर कबाब, बाजूला कांदा-लिंबू. आमच्या ग्रुपचा अड्डा असाच एक. ठाण्याचे दोघं, कल्याणचा एक आणि मी.

पण जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, ठाण्याचे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि आमच्या टेबलावरही फूट पडली. जोक बंद. पुढची अडीच वर्षं आम्ही फक्त ईएमआयवर बोललो, बोला!

मग २०२५ च्या जानेवारीत कल्याणच्या मित्राने (पक्का आगरी गडी!) शेतावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन. मडकं उपडं, भोवती जाळ. थेंबभर पाणी नाही. आपलं ओरिजिनल बार्बेक्यू!

टाइमपास म्हणून लॅपटॉपवर ‘सिंहासन’ लावला. जब्बार पटेलांचा, १९७९ चा. डॉ. लागूंचा अर्थमंत्री मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर टपलेला, निळू फुलेंचा पत्रकार दिगू सगळं बघतोय. आमचे दोन्ही गट चिडीचूप. तेवढ्यात मडकं उघडत यजमान म्हणाला, ‘‘बघ रं, आपल्या भांडनावर त्यांची पोपटी शिजते!’’

फुटलोच सगळे. मतं कुणाची बदलली नाहीत, पण जोक परत आले. ठाण्यात गडकरी रंगायतन, कल्याणात अत्रे रंगमंदिर. हसवणाऱ्या गुरु-शिष्यांची नावं मिरवणाऱ्या या पट्ट्यात गप्प बसून कबाब खाणं शोभतं का, सांगा!