खोक्यातले व्होल्ट

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात व्होल्टेज हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आईच्या तोंडून. संध्याकाळी बल्ब पिवळा पडला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "व्होल्टेज उतरलं, फ्रिज बंद करा रे!" नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि आमच्याकडचा अंधार वाढला. २००३ ची निवडणूक तर बिजली, सडक, पानी याच तीन शब्दांवर गाजली. स्टॅबिलायझरचा काटा २३० वरून १७० कडे घसरायचा, आतला रिले टकटक करायचा. काटा हलला की काहीतरी जळणार, ही भीती तेव्हापासून अंगात मुरली.

त्याच घरात १९९९ साली मी सुटे भाग जमवून पहिला कॉम्प्युटर जोडला. प्रोसेसर एएमडीचा के६-२, ३०० मेगाहर्ट्झ. त्याला २.२ व्होल्ट लागत, आणि त्याच सॉकेटात बसणाऱ्या पेंटियम एमएमएक्सला २.८. कोणता बसवलाय हे आमच्या बोर्डाला आपणच सांगायचं. बोर्डावर बारीक अक्षरांत तक्ता छापलेला होता, त्याबरहुकूम नखाएवढे जंपर पिनांवर चढवायचे. दादानं टॉर्च धरली आणि तक्ता तीनदा मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या शिकवण्यांचे सगळे पैसे त्या चौकोनी तुकड्यात होते. एकदा २.२ लावलं की ते २.२ च, गाणी लावा, गेम खेळा, नाहीतर नुसता चालू ठेवा.

यंदा मुलीनं सिल्वर मॉलमधून सामान आणून रायझन ५ ५६००एक्सचा डेस्कटॉप जोडला. जंपर एकही नाही. किती व्होल्ट हवेत ते प्रोसेसर स्वतःच क्षणाक्षणाला बोर्डाकडे मागतो. पडद्यावरचे आकडे पाहून माझ्या पोटात गोळा आला. काही काम चालू नसताना १.४५, लगेच ०.९, पुन्हा १.४.

"अगं, आधी बंद कर तो!"

"बाबा, थांबा ना," म्हणत तिनं सहाही कोअरना एकदम जड कामाला जुंपलं. मला वाटलं आता आकडा चढणार. तो सव्वा व्होल्टच्या आसपास उतरला.

एखादाच कोअर क्षणभर जागा होऊन ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, तेव्हा त्याला जास्त व्होल्टेज लागतं. पण प्रवाह थोडा, म्हणून उष्णताही थोडी. सहाही राबू लागले की प्रवाह वाढतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून चिप वेग आणि व्होल्टेज दोन्ही आवरतं घेते. शिवाय मोजणारा प्रोग्रॅमच झोपलेल्या कोअरना वारंवार उठवतो, हे तिनं मोजण्याचं अंतर वाढवून दाखवलं. आकडे बरेच निवले. काळजी करायची ती पॉवर सप्लायकडून येणारी १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली किंवा १२.६ च्या वर गेली तर, किंवा भर कामात मशीन बंद पडलं तर.

पटलं मला. हलणं हीच या चिपची तब्येत आहे. तरी तो तक्ता आठवतो, आणि टॉर्च धरून बसलेला दादाही. आता बोर्डाचं पुस्तक कुणी कुणाला मोठ्यानं वाचून दाखवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रात्री माळ्यावरून जुना बोर्ड काढला. मुलीनं मोबाइलचा उजेड धरून तक्ता वाचला, ओळीवर बोट ठेवून जंपर शोधला.

"बाबा, अजून २.२ वरच आहे."