हिमनदीच्या वाटेवरील पाट्या

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत जुलै महिन्यात रजा मागण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता. तो २०२४ साली आला. सिएटल येथे नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनी आईस शब्द देऊन ठेवला होता : "आई, तुला अलास्कात नेतो आणि हिमनदीला हात लावून देतो." कुणा परिचिताच्या जुन्या छायाचित्रात एक बाई निळसर बर्फाच्या भिंतीवर तळवा टेकून उभी होती. ते छायाचित्र पाहिल्यापासून सौ.ने तीर्थयात्रेचा संकल्प सोडावा तसा हा संकल्प सोडला होता. तेव्हा बेळगावच्या कौलांवर ताशा वाजवणारा आषाढ मागे टाकून आम्ही निघालो आणि अँकरेजहून दोनशे किलोमीटर मोटारीने जाऊन सीवर्ड या बंदराच्या गावी उतरलो.

१८६७ साली ज्या अमेरिकन मंत्र्याने रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेण्याचा करार केला, त्याचे नाव या गावास आहे. गाव लहान, एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस रेझरेक्शन उपसागराचे शांत, गडद पाणी. २७ मार्च १९६४ च्या महाभूकंपात या किनाऱ्याचा मोठा लचका समुद्रात घसरला, तेलाच्या टाक्या पेटल्या आणि पाठोपाठ लाटा आल्या. आज तेथे लोक तंबू ठोकून निवांत चहा पीत असतात.

पहाटे पावणेपाचलाच उजाडते. आम्ही किनाऱ्याने फिरावयास निघालो, तो पाण्यावर कुणीतरी पाठीवर पडून ऐसपैस विश्रांती घेत असल्याचे दिसले. ते समुद्री पाणमांजर होते. पोटावर दगड ठेवलेला, त्यावर शिंपला आपटण्याचे काम चाललेले. आपटून झाले की आतला मांसाचा तुकडा खावयाचा, मग गिरकी घेऊन अंगावरचे टरफल पाण्यात धुऊन टाकावयाचे आणि पुन्हा उताणे. जेवणानंतर ताट स्वच्छ करण्याची ही शिस्त आमच्या वसतिगृहातील मुलांना दाखवावी असे वाटले. थोड्या अंतरावर एक मादी पिल्लास पोटावर घेऊन तरंगत होती. सौ. त्या दोघांपुढून अर्धा तास हलली नाही.

या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो. थंडीपासून रक्षण करते ती केवळ लोकर, एका चौरस इंचात १० लाखांपर्यंत केस असलेली. हीच लोकर त्याच्या जिवावर उठली. तिच्या लोभाने रशियन व्यापारी या किनाऱ्यास आले, आणि १९११ साली आंतरराष्ट्रीय करार होऊन शिकार थांबली तेव्हा सबंध जगात ही पाणमांजरे एक-दोन हजारच उरली होती असे मानतात. पुढे संख्या वाढली, तो मार्च १९८९ मध्ये प्रिन्स विल्यम साऊंड येथे तेलवाहू जहाज खडकावर फुटले. तेल या किनाऱ्यापर्यंत वाहत आले. तेलाने लोकर चिकटली की प्राणी गारठून मरतो. असे हजारो मेले. काहींना याच सीवर्डमध्ये आणून साबणाने धुऊन काढले होते.

गावापासून हिमनदीकडे रस्ता जातो. वाटेत रस्त्याच्या कडेस अचानक एक छोटी पाटी लागली. तीवर केवळ '१८८९' एवढेच. पुढे '१८९९'. हे मैलांचे दगड नव्हेत, सालांचे होते. त्या त्या साली हिमनदीचा पाय कोठवर होता, ते त्यांवर नोंदलेले आहे. इतिहास आम्ही बरीच वर्षे शिकविला. परंतु सनावळीतून पायी चालत जाण्याचा योग प्रथमच येत होता.

या हिमनदीस 'एक्झिट' म्हणतात. डोंगरमाथ्यावर हार्डिंग नावाचे विस्तीर्ण हिमक्षेत्र आहे. तेथून चाळीसच्या आसपास हिमनद्या खाली उतरतात. १९६८ साली ते हिमक्षेत्र प्रथमच ओलांडणारी तुकडी येथून बाहेर पडली, म्हणून हे नाव. माथ्यापर्यंतची पायवाट साडेसहा किलोमीटरची आणि हजार मीटरच्या चढाची. आमच्या उजव्या गुडघ्याच्या संमतीने पहिल्या दोन-सव्वादोन किलोमीटरवरील 'मार्मट मेडोज' या कुरणापर्यंतच जावयाचे ठरले.

वाट दाट झाडीतून चढत होती. अस्वल अवचित समोर येऊ नये म्हणून येथे मोठ्याने बोलत चालावयाचे असते. खानापूरच्या जंगलात अस्वलाने माणसास फाडल्याच्या बातम्या वाचतच आम्ही वाढलो. त्यामुळे सूचना मनावर घेतली. पण बोलावयाचे काय? "अहो, वर्गातल्या आवाजात पाढे म्हणा," सौ.ने सुचविले. तेव्हा वडिलांनी पाठ करून घेतलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी अलास्काच्या अरण्यात घुमल्या. पलीकडून उतरणारे एक वृद्ध जोडपे आदराने वाट देऊन उभे राहिले. त्यांस हा काही मंत्रपाठ वाटला असावा. सवायकीत आम्ही अडखळलो आणि नेमके त्याच वेळी चिरंजीवांनी हात धरला. समोरच्या उतारावर, दोनशे पावलांवर, एक काळे अस्वल नारिंगी सॅमनबेरीच्या जाळीत शिरून, आपण करवंदे ओरबाडावीत तशी फळे ओरबाडीत होते. त्याने एकदा मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा फळांकडे वळले. आम्ही सवायकी पुढे नेली नाही.

कुरणात पोहोचताच शिट्टी ऐकू आली. सवयीने आम्ही ताठ झालो. ती वाजविणारा खडकावर उभा असलेला, मांजराहून मोठा, राखाडी मार्मट होता. वरच्या कड्यावर पांढरे ठिपके होते. ते बर्फ आहे, असे आम्ही सौ.स समजावून सांगत असतानाच त्यांतील एक ठिपका चालू लागला. दुर्बिणीतून पाहता ते पहाडी बकरे निघाले.

उतरून आम्ही हिमनदीच्या पायाकडील वाट धरली. १९१७, १९२६, १९५१... पाट्या मागे पडू लागल्या तशी झाडेही लहान होऊ लागली. आधी उंच झाडी, मग खुरटी, मग नुसती झुडपे. बर्फ मागे हटले की उघड्या खडकाळ जमिनीवर प्रथम शेवाळ येते, मग अल्डरची झुडपे. आपल्याकडे तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी जशा जमिनीस नत्र देतात, तशाच अल्डरच्या मुळांवरील गाठीही देतात, आणि मागून येणाऱ्या मोठ्या वृक्षांची सोय होते.

'२००५' च्या पाटीपाशी चिरंजीव थांबले. "बाबा, मी तिसरीत होतो तेव्हा बर्फ इथं होतं." पुढे '२०१०'. त्या साली आमची सध्याच्या शाळेत बदली झाली आणि त्यांनी आठवीसाठी पहिली सायकल घेतली. ती सायकल अजून आमच्या पडवीत आहे. पाटीच्या पलीकडे मात्र बर्फ नव्हते. घासून गुळगुळीत झालेला खडक होता, दरी होती, आणि बऱ्याच वर, ओलांडता न येण्याजोग्या अंतरावर, मळक्या निळ्या रंगाची हिमनदी लोंबत होती.

"हात कुठं लावायचा?" सौ.ने विचारले.

चिरंजीव खाली पाहू लागले. ते छायाचित्र कधीचे होते, हे विचारण्याचे त्यांस सुचलेच नव्हते. आम्ही शिक्षकाच्या सवयीने काही स्पष्टीकरण देऊ लागलो. तिने हातानेच थांबविले.

परतताना वाट सोडून आम्ही सपाट वाळवंटात उतरलो. तेथे हिमनदीतून निघालेला प्रवाह अनेक फाट्यांनी वाहतो. पाणी दुधात राख कालवावी तसे. हिमनदी खडकास जात्यासारखी दळते, ते पीठ त्यात असते. सौ. काठावर बसली, पदर खोचला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले. आम्ही दहापर्यंत अंक मोजले. मग हात लालबुंद झाल्यावर तिने ते बाहेर काढले आणि तीर्थाचे लावतात तसे डोळ्यांना लावले. चिरंजीवांनीही बूट काढले.

रात्री अकरा वाजले तरी खोलीच्या खिडकीत उजेड होता. सौ. दिव्याखाली बसून आपल्या पाटल्या निरखीत होती. नक्षीच्या खाचांत राखाडी पीठ वाळून बसले होते. आम्ही जुना दंतब्रश पुढे केला. "असू द्या," म्हणाली, आणि पाटल्या तशाच हातात चढविल्या.