कोर्नास : मुरूम, ताली आणि सिरा

फ्रान्समध्ये रोन नदीच्या उजव्या तीरावर, आर्देश जिल्ह्यात कोर्नास हे लहानसे गाव आहे. नदीपलीकडे जवळच वालांस शहर आणि गावाच्या पाठीशी लगेच डोंगर. त्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला तोंड केलेल्या उतारांवर सिरा या एकाच काळ्या द्राक्षाच्या बागा आहेत. तिच्यापासून होणारी लाल वाइन गावाच्याच नावाने विकली जाते. या नावाला 1938मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. येथे दुसऱ्या जातीचे द्राक्ष मिसळायचे नाही, पांढरी वाइन करायची नाही. सगळ्या बागा मिळून क्षेत्र दीडशे हेक्टरांच्या आसपास भरते.

उताराचा बराचसा भाग ग्रॅनाइटचा आहे. तो झिजून जे भरड, भुसभुशीत रेताड तयार होते, त्याला मराठीत मुरूम हाच शब्द चपखल बसतो. मुरमात पाणी थांबत नाही, म्हणून वेलीची मुळे खडकाच्या भेगांतून खोल जातात. उत्तरेकडच्या शायो या भागात चुनखडी जास्त; रेनार, साबारोत हे भाग ग्रॅनाइटचे. उत्तरेकडून वाहणारा मिस्त्राल वारा रोनच्या खोऱ्यात एरवी थैमान घालतो, पण डोंगराच्या कुशीत असलेल्या या बागांना तो फारसा लागत नाही. उन्हाळ्यात दगड तापतात. गावाच्या नावाचा संबंध ‘भाजलेली जमीन’ अशा अर्थाच्या केल्टिक शब्दाशी जोडला जातो, तो या उन्हामुळे पटण्यासारखा आहे. रोनच्या उत्तर भागात द्राक्षे सहसा सर्वांत आधी येथेच पिकतात.

उतारावर माती टिकते ती तालींमुळे. चुना किंवा सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून बांधलेल्या या भिंतींनी तोललेल्या अरुंद पायऱ्यांना तेथे ‘शाये’ म्हणतात. जोराचा पाऊस झाला की मुरूम खाली वाहतो, आणि तो पुन्हा वर नेऊन टाकावा लागतो. ताल फुगली, एखादा दगड निसटला की वेळीच डागडुजी करावी लागते, नाहीतर एका हिवाळ्यात चार ओळी खाली येतात. अशा जागी ट्रॅक्टर चालत नाही. वर बसवलेल्या यंत्राच्या दोराने नांगर ओढणे, घोडा लावणे किंवा सरळ कुदळ हाती घेणे, एवढेच पर्याय उरतात. वेलीही बहुधा तारेच्या मांडवावर नसतात. कित्येक बागांत प्रत्येक वेल आपापल्या लाकडी खुंटाला बांधलेली असते. वाइनच्या पुस्तकांत ग्रॅनाइटचे गोडवे पानोपानी असतात, ताली रचणाऱ्यांचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकतो. हा हिशेब चुकीचा आहे, कारण ताली नसत्या तर त्या ग्रॅनाइटवर काटेरी झुडपांपलीकडे काही उगवले नसते.

सिराचा उगम इराणातील शिराझ शहरात आहे, अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया आणि माँपेलिए येथील संशोधकांनी डीएनए तपासून ती निकाली काढली. द्यूरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश या दोन जातींच्या संकरातून सिरा जन्मली. मोंद्यूझ साव्हुआ प्रांताची आणि द्यूरेझा खुद्द आर्देशची. म्हणजे सिरा कोर्नासला परकी नाही, तिचे एक मूळ याच जिल्ह्यात आहे. शिराझ या नावाने ही जात नाशिक भागातही लावली जाते, पण तेथील वेळापत्रक निराळे. नाशिकचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करतो. कोर्नासची वेल थंडीत पूर्ण झोपते, म्हणून छाटणी एकदाच, आणि काढणी साधारण सप्टेंबरमध्ये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर पहिल्या महायुद्धाने तरुण माणसे नेली. वाइन पिंपांनी व्यापाऱ्यांना विकली जाई आणि मिळणाऱ्या भावात उतारावरची मजुरी निघत नसे. वर्षानुवर्षे वरच्या ताली ओस पडत गेल्या. वालांसची वस्ती वाढली तशी खालच्या जमिनींना घरांसाठी मागणी आली. फ्रेंच कायद्याप्रमाणे मुलांमध्ये होणाऱ्या वाटण्यांनी आधीच लहान असलेल्या बागांचे आणखी तुकडे पडत. ही वाइन नामशेष झाली नाही, याचे श्रेय काही हट्टी घराण्यांना जाते.

त्यांतले सर्वांत मान्यवर घराणे क्लाप. ओग्यूस्त क्लाप (1925–2018) यांनी 1950च्या दशकात आपली वाइन व्यापाऱ्याला न देता स्वतः बाटलीत भरायला सुरुवात केली. गावात तोवर असे करणारे जवळपास कोणी नव्हते. बाटलीवर घराण्याचे नाव आले तसा भावही हळूहळू हाती आला. पुढे मुलगा पिएर-मारी आणि नातू ओलिव्हिए यांनी काम सांभाळले. क्लापांची पद्धत जुनी आहे : घड देठांसह सिमेंटच्या टाक्यांत आंबवायचे, मग वाइन जुन्या मोठ्या लाकडी पिंपांत सुमारे दोन वर्षे ठेवायची. नव्या ओकचा वास तिला लागू द्यायचा नाही. वेगवेगळ्या तुकड्यांतली वाइन ते शेवटी एकत्र करतात. तरुण वेलींची वाइन ‘रेनेसाँस’ या नावाने वेगळी काढतात. तिएरी आल्लमाँ यांनी 1980च्या दशकात पडीक ताली साफ करून बाग उभी केली. ते मात्र रेनार आणि शायो अशा दोन वाइन वेगवेगळ्या करतात. दोन्ही मार्ग पटण्यासारखे आहेत. नव्या ओकमध्ये मुरवलेली कोर्नास मात्र आपली ओळख गमावून बसते.

तरुण कोर्नास काळपट जांभळी, तुरट आणि काहीशी रासवट असते. जांभूळवर्गी फळे, ऑलिव्ह, धूर आणि काळी मिरी असे वास तिच्यात येतात. मिरीचा वास उपमेपुरता नाही : रोटुंडोन हे एकच संयुग सिरात आणि मिरीत सापडते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008मध्ये दाखवले. पाचांतल्या साधारण एकाला तो वास येतच नाही, त्यामुळे एकाच बाटलीवरून दोन जाणकारांचे मतभेद झाले तर दोघेही खरे असू शकतात. आठ-दहा वर्षांनी तुरटपणा निवतो आणि चामड्याचा, ओल्या मातीचा वास वर येतो.

हेक्टरी उत्पादनाची मर्यादा 40 हेक्टोलिटरच्या आसपास आहे, म्हणजे एका हेक्टरातून फार तर पाच हजारांवर काही बाटल्या. अशी बाटली हाती आलीच तर आपल्याकडच्या तिशीतल्या तापमानाला ती ओतू नये, नाकात नुसता मद्यार्क भरतो. थोडी थंड करून 16–17 अंशांवर आणावी, तरुण असेल तर दोन तास आधी सुरईत काढून ठेवावी, आणि सोबत मटण असावे.