दिलेला शब्द

मराठीत जे उच्चारतो तो शब्द आणि जे पाळायचे असते तोही शब्दच. कन्नडातल्या ‘मातु’चेही तसेच आहे, बोलणेही मातु आणि दिलेले वचनही मातुच. या दोन भाषांच्या उंबरठ्यावर पिढ्यानपिढ्या संसार केलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे निराळे सांगायला नको. आज ते आठवण्याचे निमित्त मात्र काहीसे अनपेक्षित आहे. ते आहे संगणकावरच्या खेळांचे.

माझा पुतण्या सुटीत आमच्या नवनगरच्या घरी येतो. वयाने चाळिशी ओलांडली, पण खेळांचा नाद शाळेपासूनचा. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने १९८९ मध्ये घडवलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ तो हुबळीच्या एका संगणक-वर्गात, शिक्षकांची नजर चुकवून खेळत असे. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचण्यासाठी तळघरातून धावणारा तो राजपुत्र आपल्यापैकी अनेकांच्या मुलांना आठवत असेल. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००३ मध्ये त्याच राजपुत्राचा ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा नवा खेळ काढला. त्याची सुधारित आवृत्ती कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंत तयार होत असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा पुतण्याला झालेला आनंद निव्वळ खेळाचा नव्हता. जगभर खेळली जाणारी वस्तू आपल्याकडच्या माणसांच्या हातून घडते आहे, याचा अभिमानही त्यात होता.

खेळ २१ जानेवारी २०२१ रोजी यायचा होता. झलक पाहून चित्रे जुनाट दिसतात अशी टीका झाली. तारीख मार्चवर गेली आणि मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून मॉन्ट्रिअलकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये खेळच रद्द झाला. एखादी कृती फसते, हे रसिकाला कळते. नाटके काय, पूर्वीही पडतच होती. परंतु पाच वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला निवेदनांतून ‘दर्जा’ हा शब्द मिळत राहिला. नेमके काय अडले, ते उमगले नाही.

जाहिरातीतील अतिशयोक्ती आपल्याला नवी नाही. संगीत नाटकांच्या हस्तपत्रकांत विशेषणांचा पाऊस पडे. पण रात्री पडदा वर जाई आणि खरेखोटे प्रेक्षक स्वतःच ठरवी. ती स्तुती माल दाखवण्यासाठी होती. खेळांच्या व्यापारातली आजची परिभाषा पुष्कळदा माल झाकण्यासाठी असते. ‘लूट बॉक्स’ ही पैसे देऊन उघडायची पेटी. आत काय आहे ते उघडल्यावरच कळते. बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतल्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या प्रतिनिधीने त्यांना ‘सरप्राइज मेकॅनिक्स’, म्हणजे आश्चर्याची यंत्रणा, असे नाव दिले! ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये विक्रीस आला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि रोख पैसे मोजून घेतलेला खेळही उघडेनासा झाला. ‘विकत घ्या’ याचा अर्थ ‘आमची मर्जी असेतोवर वापरा’ एवढाच होता, हे तेव्हा अनेकांना कळले. त्यातून उभ्या राहिलेल्या मागणीवर युरोपात दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

पुतण्याने विकत घेतलेला एक खेळही असाच मिटला. त्याने तक्रार केली, तिचे दीर्घ उत्तर आले आणि ते त्याने मला वाचायला दिले. माझा जन्म बँकेच्या पत्रव्यवहारात गेला. नकार कसा लिहितात हे मला ठाऊक आहे. त्या पत्रात ‘आपला अनुभव’ होता, ‘बांधिलकी’ होती, ‘नव्या प्रवासाचे’ आमंत्रणही होते. फक्त ‘पैसे मिळणार नाहीत’ हे वाक्य कुठे नव्हते.

मी म्हटले, “जाऊ दे रे, किती रुपयांचा तो प्रश्न!”

तो म्हणाला, “पैशांचं नाही, काका. मला काही कळत नाही असं धरून लिहिलंय ना, त्याचा राग येतो.”

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण या साऱ्याला पोरखेळ म्हणून बाजूला सारतो. पण ही मुले मागतात ते आपल्या वडिलांनीही दुर्गदबैलच्या बाजारात मागितले होते. वाण्याने मालाची हवी तेवढी तारीफ करावी. तागडीचा काटा मात्र गिऱ्हाइकाला दिसेल असा धरावा.