जहाजावरची कसर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे क्रूझवर जायचं असं भाईजाननी, म्हणजे माझ्या जेठांनी, जाहीर केलं तेव्हा घरात सर्वांत कमी आनंद बहुधा मलाच झाला असेल. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि सगळा खर्च ते करणार होते. मुंबईहून निघायचं, गोव्याला थांबायचं, एक दिवस नुसता समुद्रात काढायचा आणि परत. तीन रात्री. मुलं नाचायलाच लागली. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न आला, माझ्या साखरेचं काय?

त्रेचाळिसाव्या वर्षी मला डायबिटीस निघाला. शाळेत पाचव्या तासाला फळ्यावर लिहिताना अक्षरं धूसर दिसायला लागली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, 8.9 आली. दोन वर्षं झगडून मी ती 6.8 वर आणली होती. त्यासाठी काही फार मोठं केलं नाही. पहाटे फजरनंतर पाऊण तास चालायचं, रात्रीचं जेवण आठच्या आत, भात अर्धा, चहा बिनसाखरेचा, गोळ्या वेळेवर. पण हे सगळं माझ्या घरात, माझ्या गल्लीत, माझ्या घड्याळावर चालायचं. या सवयी घराबाहेर टिकतील का, याचा मला भरवसा नव्हता. मागच्या वर्षी नणंदेच्या मुलीच्या लग्नात चार दिवस पथ्य सुटलं, आणि ते परत बसायला दोन महिने गेले होते.

भीतीचं आणखी एक कारण होतं. माझे अब्बा जहाजावर भंडारी होते. आमच्या कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतले पुरुष सारंग, टिंडेल, खलाशी, भंडारी म्हणून समुद्रावर गेले, त्यातलेच एक. मालवाहू जहाजाच्या तापलेल्या स्वयंपाकघरात ते वीस-पंचवीस माणसांना वेळेवर जेवू घालायचे आणि स्वतः उरलंसुरलं, उभ्या-उभ्या, केव्हाही खायचे. दिवसभर गोड चहा. डायबिटीस झाला तेव्हा त्यांनी तो कधी मनावर घेतला नाही. "घरी आलो की परहेज करीन" असं पत्रात लिहायचे, आणि घरी आले की अम्मी म्हणायची, "चार दिवसांसाठी आलेत, खाऊ देत." असं करता करता आधी उजव्या पायाची दोन बोटं गेली, मग गुडघ्याखालचा पाय. मी तिशीत होते तेव्हा ते गेले. त्यामुळे जहाज म्हटलं की मला निळं पाणी दिसत नाही, अब्बांचा तो पाय दिसतो.

जायच्या आधल्या रात्री बॅग भरताना नमाजचा विषय निघाला. मुलीने विचारलं, "अम्मी, जहाजावर कसर करायची ना?" मी म्हटलं, "हो. जोहर, असर आणि इशाच्या चार रकातींच्या दोन होतात. फजर आणि मगरिब आहेत तशाच." हे सांगता सांगताच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. प्रवाशाला सवलत आहे, माफी नाही. काही गोष्टी निम्म्या होतात, काही अजिबात कमी होत नाहीत, आणि पूर्ण सोडून द्यायचं तर काहीच नसतं. लग्नात माझं चुकलं ते इथेच. घरच्यासारखं सगळं जमेना, म्हणून मी सगळंच सोडलं होतं.

मी वहीचं एक पान घेतलं आणि दोन रकाने पाडले. शिक्षकाची खोड, दुसरं काय! निम्मं चालेल अशा रकान्यात पहाटेचं चालणं, जेवणाची वेळ आणि भाताचं माप लिहिलं. कमी होणार नाही अशा रकान्यात गोळ्या, पाणी, झोप आणि रोज सकाळी बोट टोचून साखर बघणं. गोळ्या आणि ग्लुकोमीटर खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवले. मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि खोलीत काही तासांनी पोहोचवतात, हे आधी कळलं होतं म्हणून बरं. त्या दिवशी रांगा, तपासणी, कागदपत्रं यात चार तास गेले. पर्समध्ये भाजलेले चणे होते, नाहीतर रांगेत समोसा आणि थंड पेयावरच दिवसाची सुरुवात झाली असती.

जहाजावरचा पहिला मोठा सामना बुफेशी झाला. पुरी-छोले, डोसे, पोहे, केक, पुडिंग, रंगीत सरबतं. नजर जाईल तिथे खाणं. भाईजान ताट भरत म्हणाले, "सुट्टीत कसलं आलंय परहेज? पैसे भरलेत, वसूल करा!" मी हसून गप्प बसले. पण मनात आलं, पैसे तर गेलेच आहेत, आता वर तब्येतही कशाला द्यायची?

मी एक नियम केला. आधी रिकाम्या हाताने सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारायची आणि मगच ताट उचलायचं. ताट हातात असलं की माणूस पहिल्या चार पदार्थांतच ते भरून टाकतो. फेरी मारली की कळतं, कोपऱ्यात उकडलेली अंडी आहेत, मोडाची कडधान्यं आहेत, भाजलेला मासा आहे, काकडी-टोमॅटो आहेत. आधी ते खायचं, मग एक पोळी किंवा चार चमचे भात. मांस हलाल आहे का, हे पहिल्याच जेवणाला विचारून घेतलं. सरबताऐवजी पाणी. आणि हात साबणाने धुवायचे, नुसतं जेल चोळून भागवायचं नाही. बंद जागेत इतकी माणसं एकत्र जेवतात तिथे पोटाचे आजार लवकर पसरतात, आणि त्यातल्या काही विषाणूंवर जेलचा फारसा परिणाम होत नाही.

चालण्याची सोय माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. आमची खोली खालच्या मजल्यावर आणि जेवणघर वर. लिफ्टसमोर कायम गर्दी. मी जिनाच धरला. प्रत्येक जेवणानंतर वरच्या डेकवर पंधरा मिनिटं फेऱ्या. जेवणानंतरचं थोडंसं चालणंही साखर चढू देत नाही, हे माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मशीनवर मी ते स्वतः पाहिलंही आहे. पहिल्या संध्याकाळी जहाज हलायला लागलं तशी मुलीला मळमळ सुरू झाली. तिला खोलीत न झोपवता डेकवर आणलं आणि दूर क्षितिजाकडे बघायला सांगितलं. हळूहळू तिला बरं वाटलं आणि माझ्याबरोबर तिच्याही चार फेऱ्या झाल्या. दक्षिणेला निघालो होतो, म्हणजे डाव्या हाताला कुठेतरी आमचं कोकण होतं. दिसत काही नव्हतं, फक्त मासेमारीच्या होड्यांचे दिवे.

दुसऱ्या सकाळी साखर 118. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. कौतुक महागात पडतं.

गोवा पाहून झाला आणि तिसरा दिवस नुसत्या समुद्राचा आला. करायला काही नव्हतं, म्हणून सगळे खात होते. दुपारी भाईजान-भाभींसाठी केक आला. एक तुकडा घेतला. मग मुलाने अर्धवट टाकलेली पेस्ट्री, "वाया कशाला घालवायची" म्हणून. मग एक गुलाबजाम, कारण आता झालंच आहे तर. त्या दुपारी चालले नाही, खोलीत जाऊन झोपले. उठल्यावर तोंड कोरडं पडलं होतं. मशीन लावलं, 262.

मी पलंगावर बसून राहिले. पतीने आकडा पाहिला, पण बोलले काही नाहीत. मनात मात्र लग्नाच्या वेळचाच आवाज सुरू झाला होता. आता उरलाय काय, एक रात्र. घरी गेल्यावर बघू. घरी गेल्यावर. हे शब्द मी कुठे वाचले होते ते मला एकदम आठवलं. अब्बांच्या पत्रांत.

मी उठले, बाटलीभर पाणी प्यायले आणि डेकवर गेले. जिन्यापाशी आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा भेटला. पंचविशीचा असेल. पहिल्याच दिवशी त्याच्या बोलण्यावरून मी ओळखलं होतं की हा आपल्याकडचा, आणि तो निघालाही श्रीवर्धनकडचा. मी विचारलं, "तू जेवलास का?" तो हसला. "आमचं काय बाजी, सगळ्यांचं आटोपलं की." मी म्हटलं, "माझे अब्बा जहाजावर भंडारीच होते. तेही असंच म्हणायचे." तो थांबला. मग मी त्याला अब्बांच्या पायाची गोष्ट सांगितली. उपदेश करायचा नव्हता, पण शिक्षकाच्या तोंडून तो निघतोच. "काम संपायची वाट बघू नकोस. मधे वेळ मिळेल तेव्हा थोडं नीट बसून खा. आणि वर्षातून एकदा साखर तपास." त्याने मान डोलावली. रात्री वाढायला आला तेव्हा न मागता माझ्यासमोर माशाची बशी आणि काकडी ठेवली आणि मिठाईचं ताट आमच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. भाईजान म्हणाले, "अरे, इकडे का?" आणि मग स्वतःच म्हणाले, "बरं, राहू दे."

त्या संध्याकाळी मी पाऊण तास चालले. झोपण्याआधी साखर 171 होती. सकाळी, मुंबई दिसायला लागली तेव्हा, 126.

मी वर्गात उर्दू शब्दांची मुळं सांगते तेव्हा मुलांना 'आदत' हा शब्द आवडतो. तो अरबीतून आला आणि त्याच्या मुळाचा अर्थ 'परतणं' असा आहे. 'ईद'सुद्धा त्याच मुळातली मानतात, दरवर्षी परत येणारी. इतकी वर्षं हे शिकवूनही मला वाटत होतं की सवय म्हणजे कधीच न सुटणारी गोष्ट. जहाजावर एका दुपारी ती सुटली. पण या वेळी मी दोन महिने लावले नाहीत, तीन तासांत परतले.

दोन महिन्यांनी तपासणी केली, 6.9 आली. डॉक्टर म्हणाले ठीक आहे. वहीचं ते दोन रकान्यांचं पान मी अजून जपून ठेवलंय, आता मे महिन्यात गावाला जाताना लागेल. आंब्याचे दिवस असतील, आणि आंबा पहिल्या रकान्यात लिहायचा आहे.